वनस्पतिप्लवकांचे प्रकाशाशी अनुयोजन

वनस्पतिप्लवकांचे प्रकाशाशी अनुयोजन : समुद्र, खाड्या, सरोवरे इत्यादींच्या पाण्यात प्रवाहाबरोबर तरंगत राहणाऱ्या आणि प्रकाशसंश्लेषणाने (प्रकाशऊर्जेच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून अन्न तयार करण्याच्या क्रियेने) स्वतःचे पोषण करणाऱ्या सूक्ष्मजीवांना वनस्पतिप्लवक म्हणतात. ते बहुतांशी एककोशिक (एका पेशीचे बनलेले) असतात. डायाटम या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या करंडक वनस्पती, चाबकासारख्या केसलाने हालचाल करणारी शैवले आणि नील-हरित जीव हे त्यांतील प्रमुख गट होत. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे प्रकाशसंश्लेषण या जीवांकडून होते. जमिनीवरील झाडाला प्रकाशाच्या दिशेने फांदी वाढविता येते. प्लवकाला ती सोय नाही. पाणी त्याला जेथे नेईल तेथील प्रकाशावर त्याला भागवावे लागते आणि म्हणून जागा बदलण्याऐवजी तो स्वतःची घडण बदलतो. या बदलाला प्रकाशाशी अनुयोजन असे म्हणतात.

या संज्ञेत दोन भिन्न गोष्टी एकत्र आल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या निवडीमुळे एखाद्या जातीच्या जनुकांत (आनुवंशिक घटकांत) रुजलेला बदल हे खरे अनुयोजन होय. तर एखाद्या कोशिकेने (पेशीने) काही मिनिटांत, तासांत वा दिवसांत केलेला आणि प्रकाश पूर्ववत होताच उलटविता येणारा बदल यास समायोजन म्हणणे अधिक योग्य आहे. शास्त्रीय लेखनातही पुष्कळदा दोहोंसाठी एकच शब्द वापरला जातो. येथे शीर्षकापुरती तीच रूढी पाळली आहे.

अंधूक प्रकाशातील जीवनाचा विषय निघाला की, ध्रुवीय समुद्रच डोळ्यांपुढे येतो व या विषयावरील बरेचसे संशोधनही तेथलेच आहे. परंतु मुलुंड, भांडुप, विक्रोळी व घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांच्या पूर्वेस असलेली ठाणे खाडी याच प्रश्नाचे दुसरे उदाहरण आहे. ही खाडी सु. १९° उ. अक्षांशावर आहे. तेथे वर्षातील लहानात लहान दिवसही सु. ११ तासांचा असतो आणि सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. असे असूनही तिच्या पाण्यातील कोशिकेच्या वाट्याला येणारा प्रकाश अपुराच असतो. कारण तेथे बर्फ नसले, तरी गाळ आहे. दोन्हीकडची टंचाई मात्र सारखी नाही. ध्रुवीय टंचाई ऋतूंच्या गतीने चालते व थंडीबरोबर येते. खाडीतील टंचाई भरती-ओहोटीच्या गतीने चालते व उबदार पाण्यात येते. दोन्ही ठिकाणच्या प्लवकांच्या उपायांत जे साम्य व जो फरक दिसतो, तो यातूनच उद्भवतो.

प्रकाशाचे मापन : पाण्यात खोल जाताना प्रकाश गुणोत्तरी प्रमाणात घटतो, म्हणजे पहिल्या मीटरात निम्मा झाला, तर दुसऱ्या मीटरात उरलेल्याचा निम्मा होतो. पृष्ठभागावरील प्रकाशाच्या १% प्रकाश जेथे उरतो, तेथपर्यंतच्या थराला प्रकाशित थर म्हणण्याचा प्रघात आहे. हा थर अजमावण्याची सर्वांत सोपी पद्धत इटालियन ज्योतिर्विद आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून केलेल्या प्रयोगांतून रूढ झाली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडावयाची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजावयाची, एवढीच ही पद्धत. प्रकाशित थर सामान्यतः या खोलीच्या दोन ते तीन पट असतो. किनाऱ्यापासून दूरच्या अरबी समुद्रात पाणी स्वच्छ असताना तबकडी २० मी. पलीकडेही दिसते, ठाणे खाडीत ती बहुधा १ मी. च्या आतच नाहीशी होते. इलेक्ट्रॉनीय प्रकाशमापक आले, तरी तबकडी अद्याप बाद झालेली नाही. तिची नोंद कोणत्याही होडीवरून, कोणालाही घेता येते, हा तिचा गुण आहे.

पृष्ठभागावरील प्रकाशाच्या १% ही मर्यादा सोयीसाठी मानलेली आहे. निसर्गात ती अशी आखलेली नाही. जेथे कोशिकेने मिळविलेली व श्वसनात खर्च केलेली ऊर्जा समसमान होते, तो प्रकाश ही खरी मर्यादा होय आणि ती जातीनुसार व परिस्थितीनुसार बदलते. २०१९–२० मध्ये आर्क्टिक महासागरातील बर्फात वर्षभर गोठवून ठेवलेल्या जर्मन संशोधन जहाजावरून मोझाइक ही आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. तीत सु. ८८° उ. अक्षांशावर, मार्च २०२० च्या अखेरीस, हिमाच्छादित बर्फाखालील पाण्यात प्लवकांची वाढ सुरू झाल्याचे दिसले. त्या वेळी तेथील प्रकाश भर दुपारच्या पूर्ण उन्हाच्या सु. पन्नास हजारांश इतकाच होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष सैद्धांतिक किमान मर्यादेच्या जवळ जाणारा आहे.

कोशिकेतील यंत्रणा : प्रकाश मंद झाला की, कोशिका प्रथम आपले प्रकाशग्राही साधन वाढविते. हरितद्रव्याचे प्रमाण दर कोशिकेमागे कित्येक पट वाढू शकते. करंडक वनस्पतींत हरितद्रव्याच्या जोडीला फ्यूकोझँथीन हे तपकिरी रंगद्रव्य असते व ते निळा-हिरवा प्रकाश शोषते. बर्फाखाली उरणारा प्रकाश नेमका याच पट्ट्यातील असतो. गढूळ खाडीत गोष्ट थोडी निराळी आहे. कुजलेल्या पालापाचोळ्यातून व सांडपाण्यातून येणारी विरघळलेली पिवळसर द्रव्ये निळा प्रकाश आधीच खाऊन टाकतात आणि उरतो तो हिरवट-पिवळा प्रकाश. फ्यूकोझँथिनाच्या शोषणपट्ट्याची हिरवी कडा तेथे उपयोगी पडते. थंड व उबदार अशा दोन्ही गढूळ वा झाकलेल्या पाण्यांत करंडक वनस्पतींचे प्राबल्य दिसते, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

साधन वाढविण्यालाही मर्यादा असते. रंगद्रव्याचे थर एकावर एक चढले की, आतील थरांवर बाहेरील थरांची सावली पडते आणि नव्या रेणूमागे मिळणारा लाभ घटत जातो. म्हणून काही जाती रंगद्रव्य फारसे न बदलता एंझाइमांचे (जीवरासायनिक विक्रियांस गती देणाऱ्या प्रथिनांचे) प्रमाण बदलतात. डॅनिश शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात या दोन रीतींना क्लोरेला-प्रकार व सायक्लोटेला-प्रकार अशी नावे दिली. पहिला रंगद्रव्य बदलणारा, तर दुसरा एंझाइमे बदलणारा. पुढे असे दिसून आले की, बहुतेक जाती दोन्ही मार्ग कमीअधिक प्रमाणात चोखाळतात. तथापि हे वर्गीकरण शिकविण्यास सोयीचे असल्याने टिकून आहे.

अधिक प्रकाश हीही आपत्तीच असते. पकडलेली ऊर्जा वापरली गेली नाही, तर तिच्यामुळे ऑक्सिजनाची विघातक रूपे तयार होतात व प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतील प्रथिने मोडतात. करंडक वनस्पतींत डायाडिनोझँथीन या द्रव्याचे काही मिनिटांत डायाटोझँथिनात रूपांतर होते व त्याच्या साहाय्याने जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकली जाते. प्रकाश मंदावला की, रूपांतर उलट दिशेने होते. उजेडाच्या झोतात डोळे किलकिले करावेत, तशीच ही क्रिया आहे. मोडलेली प्रथिने बदलण्याचे काम सतत चालू असते. हानीचा वेग दुरुस्तीच्या वेगापेक्षा वाढला, तरच प्रकाशसंश्लेषण मंदावते.

ध्रुवीय समुद्र : भारताच्या मैत्री या अंटार्क्टिक स्थानकाच्या अक्षांशावर (सु. ७१° द.) हिवाळ्यात सु. दोन महिने सूर्य उगवत नाही, तर आर्क्टिकमधील न्यू-ओलेसुन येथे (सु. ७९° उ.) ही रात्र जवळजवळ चार महिन्यांची असते. याउलट उन्हाळ्याच्या अयनदिनी ध्रुवावर वातावरणाच्या माथ्याशी चोवीस तासांत पोहोचणारी एकूण सौरऊर्जा विषुववृत्तावरील ऊर्जेहून जास्त असते. समुद्रात मात्र त्यातील थोडीच शिरते. ताजे हिम ८० ते ९० टक्के प्रकाश परावर्तित करते आणि उरलेल्याला अडविण्यात हिम बर्फाहून कितीतरी पट प्रभावी ठरते. दोन मीटर जाडीच्या उघड्या बर्फातून जेवढा प्रकाश खाली पोहोचतो, तेवढाही प्रकाश त्याच बर्फावर वीतभर हिम साचल्यास पोहोचत नाही.

येथे थंडीचा संबंध येतो. प्रकाश पकडण्याची क्रिया भौतिक स्वरूपाची असल्याने तिच्यावर तापमानाचा परिणाम जवळजवळ होत नाही. तिच्यापुढील सर्व क्रिया एंझाइमांकडून होत असल्याने समुद्रजलाच्या गोठणबिंदूपाशी, म्हणजे सु. −१·८° से. तापमानाला, त्या अतिशय मंद होतात. परिणामी जो प्रकाश उबदार पाण्यातील कोशिकेला बेताचा वाटेल, तोच थंड पाण्यातील कोशिकेला जादा होतो. तेव्हा ध्रुवीय प्लवकाची अडचण केवळ अंधाराची नसून अंधाराला सरावलेल्या स्थितीत एकाएकी उजेडात येण्याची आहे. वाऱ्याने बर्फ फुटले किंवा हिम वितळले की, हा प्रसंग काही तासांत ओढवतो. यावरचे उपाय खऱ्या अर्थाने आनुवंशिक आहेत. कार्बन डाय-ऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या मंद झालेल्या एंझाइमाचा मोठा साठा बाळगणे, कोशिकापटले थंडीत ताठरू नयेत म्हणून असंपृक्त वसाम्लांचे प्रमाण वाढविणे, बर्फाच्या स्फटिकांस चिकटून त्यांची वाढ रोखणारी प्रथिने स्रवणे इत्यादींचा त्यांत समावेश होतो. फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस या दोन्ही ध्रुवांकडे आढळणाऱ्या करंडक वनस्पतीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा यांपैकी अनेक गुणांचे जनुकीय मूळ हाती आले.

दीर्घ रात्रीत काही जाती जाड कवचाची विश्रामी रूपे धारण करतात. काही साठविलेले तेल व शर्करा अगदी काटकसरीने खर्च करीत, श्वसन मंद करून जगतात. मात्र या काळात कोशिका आपली प्रकाशग्राही यंत्रणा मोडून खात नाहीत. न्यू-ओलेसुनलगतच्या कोंग्सफ्योर्डेन या फ्योर्डातील जानेवारीतले नमुने प्रकाशात ठेवले असता त्यांतील कोशिकांनी थोड्याच काळात प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू केल्याचे आढळले आहे.

बर्फाच्या खालच्या बाजूस चिकटून वाढणारी शैवले हा ध्रुवीय समुद्राचा विशेष होय. आर्क्टिकमधील निट्शिया फ्रिजिडा ही करंडक वनस्पती व लांब दोऱ्यांच्या रूपाने खाली लोंबणारी मेलोसिरा आर्क्टिका ही त्यांची उदाहरणे. बर्फाखालचा प्रकाश फार थोडा असला, तरी तो स्थिर असतो व बर्फाला धरून राहणारी कोशिका लाटांबरोबर खोल अंधारात ओढली जात नाही. मोकळ्या पाण्यातील प्लवकाला हे भाग्य लाभत नाही. अंटार्क्टिकमधील रॉस समुद्रात वाऱ्याने खोलवर घुसळल्या जाणाऱ्या भागात फिओसिस्टिस अंटार्क्टिका हे वसाहती करणारे शैवल, तर वितळलेल्या गोड्या पाण्याच्या थरामुळे स्थिर राहिलेल्या भागात करंडक वनस्पती वरचढ ठरतात. पहिल्याला अस्थिर प्रकाश मानवतो व दुसऱ्यांना स्थिर. नॉर्वेजियन शास्त्रज्ञ हाराल्ड स्व्हेर्ड्रुप यांनी १९५३ मध्ये मांडलेला क्रांतिक खोलीचा विचार येथे लागू पडतो. पाणी ज्या खोलीपर्यंत घुसळले जाते ती एका मर्यादेबाहेर गेली की, कोशिकांचा सरासरी खर्च त्यांच्या सरासरी कमाईपेक्षा वाढतो आणि पृष्ठभागी कितीही ऊन असले तरी वाढ होत नाही.

प्रकाश हे एकच बंधन आहे असे मात्र नव्हे. मंद प्रकाशात यंत्रणा वाढवावयाची तर तिच्यासाठी लोह लागते व दक्षिण महासागरात लोहाची टंचाई आहे. २००९ मधील लोहाफेक्स या भारत-जर्मनी प्रयोगात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा सहभाग होता. त्यात पाण्यात लोह मिसळूनही करंडक वनस्पतींची वाढ झाली नाही. कारण कवचासाठी लागणारी सिलिका तेथे पुरेशी नव्हती.

भारतीय संशोधन : उष्ण कटिबंधातील गढूळ पाणी व ध्रुवीय समुद्र हे दोन्ही विषय भारतात सैयद झहूर कासिम यांच्या कार्यात एकत्र आले. कोचीच्या खाजणांतील पाण्यात सूर्यप्रकाश किती खोल शिरतो, याविषयी त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला विस्तृत अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७४–८१ या काळात ते राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते आणि ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेल्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेचे त्यांनीच नेतृत्व केले. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मोहीम अंटार्क्टिकावर पोहोचली. पुढे ध्रुवीय संशोधनाची धुरा वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आली. न्यू-ओलेसुन येथे २००८ मध्ये हिमाद्री हे भारतीय स्थानक सुरू झाले व २०१४ मध्ये कोंग्सफ्योर्डेनमध्ये वर्षभर नोंदी घेणारी इंडआर्क ही पाण्याखालील वेधशाळा बसविण्यात आली. मुंबईच्या उपनगरांत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अंधेरी येथील विभागीय केंद्र व वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (स्थापना १९६१) यांनी येथील किनारा व खाड्यांच्या पाण्याचा अभ्यास केला आहे.

ठाणे खाडी : ही खाडी सु. २६ किमी. लांब असून दक्षिणेस ती मुंबई बंदराला मिळते व उत्तरेस एका अरुंद वाहिनीने उल्हास नदीशी जोडलेली आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत ५ मी. पर्यंत फरक पडू शकतो. एवढे पाणी अरुंद व उथळ खाडीत आत-बाहेर करताना तळाचा मऊ चिखल उचलला जातो. म्हणून उधाणाच्या दिवसांत पाणी अधिक गढूळ व अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीत तुलनेने निवळ असते. कोळी समाजाला हे चांगले माहीत आहे. प्लवकशास्त्रज्ञाने नमुना घेताना तिथी पाहावी, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

पाण्याची खोली ५ मी. व प्रकाशित थर दीड मीटर असेल आणि पाणी वरपासून तळापर्यंत घुसळले जात असेल, तर प्रत्येक कोशिकेला दिवसाच्या उजेडातील सु. ७०% वेळ जवळजवळ अंधारातच काढावा लागतो. उरलेल्या वेळात ती कधी पृष्ठभागाजवळच्या प्रखर उन्हात, तर कधी संधिप्रकाशात असते. ध्रुवीय कोशिका महिन्यांच्या हिशेबाने आपली घडण बदलते. येथे तेवढी सवड नाही. मिनिटागणिक बदलणाऱ्या प्रकाशात रंगद्रव्ये पुन्हा पुन्हा घडविणे परवडत नाही. तेव्हा कोशिका सरासरी मंद प्रकाशाला साजेशी यंत्रणा बाळगते आणि उन्हाच्या क्षणी डायाडिनोझँथिनाच्या झटपट मार्गाचा आश्रय घेते. दुरुस्तीचे काम उबदार पाण्यात वेगाने होत असल्याने हे तिला साधते. स्केलेटोनेमा, थॅलॅसिओसिरा, कॉसिनोडिस्कस, निट्शिया इ. करंडक वनस्पती खाडीत आढळतात. पावसाळ्यात ढगांची छाया, ओढ्या-नाल्यांनी आणलेला गाळ व क्षारता एकदम घटणे ही तिन्ही संकटे एकत्र येतात. जून ते सप्टेंबर ही खाडीची जणू ध्रुवीय रात्र होय, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ती रात्र थंड नसल्याने श्वसनाचा खर्च चालूच राहतो व साठ्यावर चार महिने काढणे येथे शक्य होत नाही.

भांडुप, ऐरोली या बाजूंस ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलावर दिसणारा तपकिरी-सोनेरी थर सूक्ष्म करंडक वनस्पतींचाच असतो. नॅव्हिक्यूला, प्लुरोसिग्मा यांसारख्या लांबट करंडक वनस्पती चिकट द्रव्य स्रवून सरकू शकतात. अशा चिखलांतील त्यांच्या वर्तनाचा जगात अनेक ठिकाणी अभ्यास झाला आहे. ओहोटीत त्या वर येतात, ऊन फार तापले की थोड्या आत जातात व भरतीचे पाणी येण्यापूर्वी पुन्हा चिखलात शिरतात. बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेले शैवल आणि खाजणाच्या चिखलावरील ही करंडक वनस्पती यांचा उपाय मुळात एकच आहे. दोघीही घुसळणाऱ्या पाण्याचा त्याग करून प्रकाशाची हमी असलेला पृष्ठभाग धरतात. फरक इतकाच की, एकीचे छत तिच्या वर असते व दुसरीची जमीन तिच्या खाली. हिवाळ्यात खाडीवर येणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो), विशेषतः त्यांची लहान जाती, चिखलातील व पाण्यातील या सूक्ष्म वनस्पतींवर व नील-हरित जीवांवर पोसतात. हा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट झाला.

मापनातील व व्यवहारातील परिणाम : पाण्यातील हरितद्रव्य मोजून प्लवकांचे एकूण प्रमाण ठरविण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, उपग्रहही हेच करतात. परंतु सावलीतील कोशिका जास्त हरितद्रव्य बाळगत असल्याने हरितद्रव्य दुप्पट झाले म्हणजे प्लवक दुप्पट झाले, असे ठरत नाही. ते केवळ पाणी अधिक गढूळ झाल्याचेही चिन्ह असू शकते. गढूळ किनारी पाण्यात तर गाळ व विरघळलेली पिवळी द्रव्ये यांमुळे उपग्रहाची फसगत होते आणि बर्फाखालचे त्याला दिसतच नाही. जुलै २०११ मध्ये अलास्काच्या वायव्येकडील चुक्ची समुद्रात सु. एक मीटर जाडीच्या बर्फाखाली प्लवकांची प्रचंड वाढ आढळली, तेव्हा आर्क्टिकमधील उत्पादनाचे आधीचे अंदाज फार कमी असावेत, हे लक्षात आले. बर्फावर साचलेली वितळलेल्या पाण्याची डबकी तेथे खिडक्यांचे काम करीत होती. जुने जाड बर्फ घटून पातळ बर्फ वाढत असल्याने अशा खिडक्या वाढत आहेत आणि वाढीचा हंगाम अलीकडे सरकल्यास त्या वेळेवर अवलंबून असलेल्या प्राणिप्लवकांची व माशांच्या पिलांची गणिते चुकू शकतात.

खाडीच्या बाबतीत प्रश्न उलट बाजूने येतो. भांडुप व घाटकोपर येथील सांडपाणी-प्रक्रिया केंद्रांचे पाणी ठाणे खाडीत जाते. म्हणजे नायट्रोजन व फॉस्फरस यांची तेथे वाण नाही. एवढ्या पोषकद्रव्यांवर प्लवकांची बेसुमार वाढ व्हावयास हवी. ती सतत होत नाही, याचे एक मोठे कारण प्रकाशाचा तुटवडा हे होय. अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराची स्थिती दीर्घकाळ अशीच होती. जे. ई. क्लोर्न यांनी १९८७ मध्ये दाखविले की, तेथे पोषकद्रव्यांपेक्षा गढूळपणाच प्लवकांना आवर घालतो आणि घुसळलेल्या थराची खोली प्रकाशित थराच्या सु. पाचपटीहून जास्त झाली, तर वाढ होत नाही. १९९९ नंतर त्या उपसागरातील तरंगता गाळ बराच घटला. जुलै–ऑगस्ट २०२२ मध्ये तेथे हेटेरोसिग्मा अकाशिवो या विषारी शैवलाची अभूतपूर्व वाढ होऊन हजारो मासे मेले. मुंबईत २०२३ मध्ये ज्या सात नव्या सांडपाणी-प्रक्रिया केंद्रांच्या कामाचा प्रारंभ झाला, त्यांत भांडुप व घाटकोपर ही दोन्ही आहेत. त्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील तरंगते कण घटतील. पण पोषकद्रव्ये कितपत काढली जातील यावर खाडीचे वर्तन अवलंबून राहील. ठाणे खाडीतील पुष्कळसा गाळ तळातून भरतीने उचललेला असल्याने तिचे पाणी एकाएकी निवळण्याची शक्यता कमी आहे. तरीही प्रत्येक पाहणीत हरितद्रव्य व पोषकद्रव्ये यांबरोबर तबकडीची खोली, तिथी आणि भरतीची अवस्था नोंदली गेली, तरच हा बदल होताना ओळखता येईल.